कोकणातल्या विहिरीच्या पाण्यात पाळलेल्या गोगलगायींचे शंख का झिजतात?

पागोळी (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून आमच्या ओटीवरच्या साठ लिटरच्या काचेच्या टाकीत मी सहा गोगलगायी पाळल्या आहेत. चार मिस्ट्री जातीच्या आहेत, त्यांपैकी दोन सोनेरी आणि दोन निळसर. उरलेल्या दोन पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या झेब्रा नेराइट आहेत. सोबतीला दहाबारा गप्पी मासे आणि थोड्या पाणवनस्पती आहेत. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसजवळ आहे. विहीर जांभ्यात खोदलेली असून तिचे पाणी इतके गोड आहे की डाळ पटकन शिजते आणि साबणाचा फेस धुता धुता निघत नाही. तेच पाणी मी टाकीत घालते.

महिन्याभरापूर्वी एका निळसर गोगलगायीच्या शंखाच्या टोकावर खडूसारखा पांढरा चट्टा दिसला. आता चौघींच्याही टोकांवर खड्डे पडले आहेत, आणि तोंडाकडची नवी वाढलेली कड कागदासारखी पातळ आहे. पाणी बदलताना बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी ती लवते. नेराइट त्या मानाने बऱ्या आहेत, पण त्यांचीही चकाकी गेली आहे. दुकानात मला एवढेच सांगितले होते की या शेवाळ खातात, यांच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. मी ते खरे मानून चालले, याचे आता वाईट वाटते. पाण्यात काही दोष आहे का, आणि झिजलेला शंख पुन्हा भरून येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निळा_शंख

ताई, खाणे काय देता? नुसत्या शेवाळावर मिस्ट्री गोगलगाय जगत नाही. नेराइटची गोष्ट वेगळी. ती काचेवरचे तपकिरी आणि हिरवे ठिपके दिवसरात्र खरवडत असते. मिस्ट्रीचा ओढा उरलेले खाद्य, कुजणारी पाने आणि भाज्या यांकडे अधिक असतो. मी अलिबागला सहा वर्षे त्यांची पैदास करत आहे. दोडक्याची किंवा दुधीची चकती दोन मिनिटे उकळून, गार करून, संध्याकाळी टाकीत सोडतो आणि सकाळी उरलेली काढून घेतो. पालकही उकळून देतो.

मोरपिशी

मी नुकतीच टाकी घेतली आहे. गोगलगायी ठेवल्या म्हणजे टाकी आपोआप स्वच्छ राहते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

जांभ्याची_भिंत

पागोळी, मी चिपळूणला तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे आणि निवृत्तीनंतर माझ्या घरी चार टाक्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ज्या पाण्याचे तुम्ही कौतुक केले आहे, तेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. डाळ लवकर शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो, याचा अर्थ पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार फार थोडे आहेत. जांभा तयार होतानाच लाखो वर्षांच्या पावसाने मूळ दगडातला चुना धुऊन नेलेला असतो. मागे उरतात ती मुख्यतः लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे, आणि त्यांचाच तो तांबडा रंग. अशा दगडातून झिरपलेले पाणी हलके आणि बहुधा किंचित आम्लधर्मी असते. घाटावर कमी पावसाच्या प्रदेशात, काळ्या दगडातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते, आणि म्हणूनच पुण्या-नगरकडच्या हौशी मंडळींना हा प्रश्न सहसा पडत नाही.

शंख जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यावर प्रथिनाचे पातळ बाह्य आवरण असते. शंखाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग, म्हणजे गोगलगाय अंड्यातून निघाली तेव्हाचा. तिथले आवरण घासून आधी जाते, उघडा पडलेला चुना आम्लधर्मी पाण्यात विरघळू लागतो, आणि खड्डे टोकाकडून सुरू होतात. घरातल्या मुलांना हे दाखवायचे असेल तर तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाकावा. त्यावर बारीक बुडबुडे चढताना दिसतात. टाकीत तीच क्रिया फार मंद गतीने चाललेली असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे कठोर आहे. झिजलेले टोक बाहेरून भरून येत नाही. शंख वाढतो तो फक्त तोंडाच्या कडेला, कारण चुना स्रवणारी प्रावाराची (शंखाच्या आतल्या मऊ आवरणाची) कड तिथे असते. आतून गोगलगाय थोडी डागडुजी करू शकते, पण बाहेरचा खड्डा राहतो. मात्र पाणी सुधारले तर यापुढची वाढ जाड आणि गुळगुळीत होते.

आधी मोजमाप करा. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, कारण त्याला मीठ आणि चुना यांतला फरक कळत नाही. पाणी तपासायच्या थेंबांच्या संचाने सामू (पीएच), जीएच (एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेटचे प्रमाण) मोजा. मिस्ट्रीसाठी सामू सात ते आठच्या दरम्यान आणि केएच किमान चारपाच अंश असावा, असे माझ्या टाक्यांवरून सांगतो.

मोरपिशी, तुमचा प्रश्न सुटायला नको. गोगलगाय काचेवरचे शेवाळ खाते, परंतु जे खाते त्याचा मोठा भाग विष्ठा होऊन खाली पडतो आणि त्यातून अमोनिया निघतो. ती टाकीत राहणारा आणखी एक जीव आहे, हे धरूनच पाणी बदलायचे असते. नव्या टाकीत अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची घडी बसायला महिना-दीड महिना जातो. तोपर्यंत गोगलगायी आणू नयेत.

सुपारीबाग

काकांनी फार चांगले समजावले. माझा एक साधा उपाय आहे. खायच्या चुन्याची निवळी करून थोडी थोडी टाकीत घालावी. कॅल्शियमच हवे असेल तर चुन्याइतके स्वस्त काय आहे? माझ्या आजोबांच्या काळापासून विहिरीत चुना टाकण्याची पद्धत आहेच.

जांभ्याची_भिंत

सुपारीबाग, या मताशी मी सहमत नाही आणि ते स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त निवळीचा सामू बाराच्या वर असतो. विहिरीत हजारो लिटर पाणी असते, टाकीत साठ लिटर. शिवाय हलक्या पाण्यात सामू धरून ठेवणारे कार्बोनेटच नसतात, त्यामुळे निवळी जरा जास्त पडली तरी तो एकदम उसळतो आणि मासे व गोगलगायी दोघेही भाजून निघतात. शिंपला किंवा समुद्रफेस विरघळतो तो आम्लधर्मी पाण्यात, गरजेपुरता आणि सावकाश. सामू आठच्या आसपास गेला की विरघळणे जवळजवळ थांबते. सुरक्षितता आहे ती या आपोआप थांबण्यात.

कांदळवन

समुद्रफेस हा आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळणारा उत्तम उपाय आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते. पाऊस ओसरल्यावर मालवणच्या पुळणीवर म्हाकुळाच्या पाठीतली ही पांढरी, होडीच्या आकाराची ढलपी कितीतरी सापडते. एक बाजू कडक आणि दुसरी इतकी मऊ असते की नखाने रेघ उठते. ती घरी आणून दोनतीन दिवस गोड्या पाण्यात भिजवावी, रोज पाणी बदलावे, मग उकळून कडक उन्हात वाळवावी. खारटपणा आणि वास दोन्ही जातात. टाकीत ती आरंभी तरंगते, म्हणून दोऱ्याने दगडाला बांधावी. मिस्ट्री तिच्यावर चढून जिभेवरच्या कानशीसारख्या दातांनी ती खरवडून खातात. रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिले तर मऊ बाजूवर त्या दातांच्या बारीक, एकाआड एक कमानी उमटलेल्या दिसतात.

तिसऱ्यांच्या शिंपल्याही चालतात. मांस पूर्ण काढून, उकळून, खलबत्त्यात भरड कुटून जाळीच्या पिशवीतून फिल्टरमध्ये ठेवाव्यात. एक विनंती मात्र आहे. प्रवाळाचे तुकडे समुद्रातून कोणीही उचलून आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याखाली प्रवाळांना संरक्षण आहे, आणि मालवणच्या खडकांवरचे प्रवाळ आधीच पुष्कळ सोसत आहेत.

निळा_शंख

कांदळवन ताईंना पूर्ण अनुमोदन. तिसऱ्यांचे कालवण झाल्यावर आमच्या घरी शिंपल्या आता कोणी फेकत नाही. आई त्या स्वतंत्र डब्यात धुऊन ठेवते. पागोळी ताई, टाकीत बदामाची पाने घातली आहेत का? फायटर माशांसाठी ती चांगली असतात, पण त्यांनी पाणी आणखी आम्लधर्मी होते.

पागोळी

होय, घातली आहेत. अंगणात जंगली बदामाचे झाड आहे आणि वाळकी पाने माशांना मानवतात असे वाचले होते. आजच काढून टाकते. तालुक्याच्या गावी जाऊन थेंबांचा संच आणला आणि मोजले: विहिरीच्या पाण्याचा सामू ६.४ आणि केएच एक अंश आहे. टाकीतल्या पाण्याचा सामू ६.० आहे आणि केएचसाठी पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणजे तो जवळजवळ शून्य. टाकीतले पाणी विहिरीपेक्षाही वाईट कसे झाले?

जांभ्याची_भिंत

पाने हे एक कारण. दुसरे असे की अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू त्या क्रियेत आम्ल निर्माण करतात आणि पाण्यातले कार्बोनेट खर्ची घालतात. टाकी जुनी होत जाते तसतसा केएच उतरतो. जड पाण्यात हे जाणवत नाही. आपल्याकडे मुळातच एक अंश असल्यामुळे तो लगेच संपतो. टाकीत पागोळ्यांचे पाणी पडत असेल किंवा पावसाळ्यात तुम्ही पावसाचे पाणी वापरत असाल तर तेही थांबवा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात.

सुधारणा एका दिवसात करू नका. समुद्रफेसाचा तळहाताएवढा तुकडा आणि मूठभर शिंपल्यांचा चुरा एवढ्याने सुरुवात करून दर आठवड्याला मोजा.

सुपारीबाग

काका, चुन्याचे तुमचे म्हणणे पटले आणि मी माझा सल्ला मागे घेतो. परंतु तांब्याबद्दल मला सगळ्यांना सावध करायचे आहे, कारण त्यात माझ्या सोळा गोगलगायी एका रात्रीत गेल्या.

आमची श्रीवर्धनला रोठा सुपारीची बाग आहे. कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण फवारावे लागते: एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन वर्षांपूर्वी फवारणी आटोपल्यावर मोरचूद भिजवलेली प्लास्टिकची बादली मी दोनदा विसळली, आणि चार दिवसांनी त्याच बादलीने टाकीचे पाणी बदलले. बादलीच्या कडेखाली, मूठ अडकते त्या खाचेत, निळसर पुटाची एक बारीक रेघ राहिली होती. ती मला नंतर दिसली. संध्याकाळपर्यंत गोगलगायी तळाशी उताण्या पडल्या, अंग शंखाबाहेर लोंबत होते, मिशा आखडल्या होत्या. मासे मात्र सगळे वाचले. पाणी बदलले, कोळसा घातला, काही उपयोग झाला नाही. पहाटे टाकीला जो वास सुटला तो मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून टाकीची बादली वेगळी आहे, तिच्यावर लाल रंगाची पट्टी मारली आहे आणि ती बागेच्या खोलीत जातच नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरची काही औषधेही तांब्याचीच असतात. बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिलेले असेल तर गोगलगायी असलेल्या टाकीत ती घालू नयेत.

जांभ्याची_भिंत

फार मोलाचा अनुभव सांगितलात. आश्चर्य असे की मिस्ट्रीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हीमोसायनिन या द्रव्यात तांबेच असते, म्हणजे लवमात्र तांबे तिला आवश्यक आहे. पण पाण्यात मोकळे फिरणारे तांबे तिला मारते, आणि हलक्या पाण्यात त्याचा विषारीपणा अधिक असतो. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणीही टाकीत घालू नये.

गोडंपाणी

आमच्याकडे पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पूड, टाकली जाते. पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवून, हवेचा पंप लावून मगच टाकीत घालावे. यात मी कधीही सवलत घेत नाही.

घाटमाथा

चर्चा उत्तम चालली आहे. मला वेगळा प्रश्न पडतो. दुकानातल्या परदेशी गोगलगायी आणून त्यांच्यासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा आपल्या व्हाळातल्या (ओढ्यातल्या), इथल्या पाण्याला सरावलेल्या गोगलगायी का पाळू नयेत? लहानपणी आम्ही पऱ्ह्यातून मोठ्या तपकिरी गोगलगायी आणून हौदात सोडत होतो.

कांदळवन

घाटमाथा दादा, भावना समजते, पण दोन कारणांनी मी तसे करू नये असे म्हणेन.

पहिले कारण रोगाचे. गोड्या पाण्यातल्या अनेक गोगलगायी पर्णकृमी या परजीवींच्या मधल्या यजमान असतात, म्हणजे ते कृमी काही काळ त्यांच्या अंगात वाढतात. इंडोप्लॅनॉर्बिस ही चकतीसारखी चपटी गोगलगाय आपल्याकडच्या डबक्यांत सर्रास दिसते आणि तिच्यातून गुरांना शिस्टोसोमा कृमींची लागण होते. माणसाचेच उदाहरण हवे असेल तर ते रत्नागिरी जिल्ह्यातले आहे: गुहागर तालुक्यातल्या गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा रोगाचे केंद्र असल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तिथल्या संशोधनात फेरिसिया टेन्युइस ही टोपीसारख्या शंखाची चिमुकली गोगलगाय त्या कृमीची यजमान म्हणून नोंदली गेली. ही गोष्ट जुनी आहे आणि मी कोणाला घाबरवत नाही. परंतु व्हाळातली अनोळखी गोगलगाय आणून, त्याच पाण्यात कोपरापर्यंत हात घालून टाकी साफ करणे शहाणपणाचे नाही.

दुसरे कारण त्या गोगलगायींच्या बाजूचे. तुम्ही घाटात राहता म्हणून मुद्दाम सांगते. पावसाळ्यात कड्यावरून पाणी निथळत असते तिथे ओल्या खडकाला चिकटलेल्या बोटाच्या पेराहून लहान गोगलगायी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या क्रेम्नोकॉन्कस वंशाच्या गोगलगायी जगात फक्त पश्चिम घाटात आहेत. त्यांचे बाकीचे सगळे कुळ समुद्रकाठच्या खडकांवर आणि कांदळवनात राहते; हाच एक वंश सह्याद्रीच्या कड्यांवर गोड्या पाण्यात वस्ती करून आहे. वाहत्या, थंड पाण्याच्या तुषारांवर जगणारा तो जीव ओटीवरच्या टाकीत तगणार नाही. त्याला तिथेच पाहावे.

घाटमाथा

हे मला अजिबात ठाऊक नव्हते. कुंभार्लीच्या घाटात पावसाळ्यात मी कितीदा थांबलो असेन, पण खडकाकडे एवढ्या बारकाईने पाहिले नाही. यंदा पाहीन, आणि हात लावणार नाही.

मोरपिशी

उदरपाद हा शब्द शाळेत पाठ केला होता, आणि आमची आजी "गोगलगाय अन् पोटात पाय" म्हणायची. दोन्ही एकच, हे काल टाकीच्या काचेवर चढणारी नेराइट खालून पाहिली तेव्हा कळले. पोटाच्या सपाट तळव्यावरून लाटांमागून लाटा जात होत्या. काकांचा सल्ला ऐकण्यापूर्वीच ती आणली होती, त्याबद्दल क्षमस्व. रोज थोडे पाणी बदलत आहे. एक प्रश्न: लाकडावर तिळासारखे पांढरे, कडक ठिपके दिसतात. ती अंडी आहेत का? पिल्ले होतील का?

निळा_शंख

अंडी नेराइटचीच आहेत. गोड्या पाण्यात त्यांतून पिल्ले वाढत नाहीत. निसर्गात नेराइटचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेले सूक्ष्म जीव, नदीच्या प्रवाहाबरोबर खाडीत आणि समुद्रात वाहून जातात, तिथे तरंगत वाढतात, आणि शंख तयार झाल्यावर पुन्हा गोड्या पाण्याकडे सरपटत येतात. मी खाडीचे पाणी आणून दोन हिवाळे प्रयत्न केला. डिंभ निघाले, पण आठवड्याहून अधिक जगले नाहीत. दुकानात मिळणाऱ्या नेराइट म्हणूनच बहुतेक नद्यांतून आणि खाड्यांतून पकडून आणलेल्या असतात. हे कळल्यापासून मी त्या दोनच ठेवतो आणि त्या दीर्घकाळ जगाव्यात म्हणून जपतो. टाकीला झाकण आहे ना? नेराइट रात्री बाहेर पडते आणि फरशीवर सुकून मरते. उताणी पडलेली दिसली तर सरळ करावी. तिला स्वतःला उलटणे कठीण जाते.

गोडंपाणी

मिस्ट्रीच्या बाबतीत माझा प्रश्न उलट आहे. गणपतीच्या सुमारास झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट गुलाबी अंड्यांचा घड चिकटलेला दिसला. कौतुकाने तसाच ठेवला. अडीच आठवड्यांनी शंभराहून अधिक पिल्ले झाली. आता ती वाटाण्याएवढी आहेत आणि टाकी पुरत नाही. देवळाच्या तळीत सोडली तर चालतील का? तिथे शेवाळ पुष्कळ आहे.

कांदळवन

कृपा करून सोडू नका. तळीचे पाणी पावसात व्हाळाला आणि व्हाळ भाताच्या खाचरांना मिळतो.

मिस्ट्री म्हणजे पोमॅसिया डिफ्युसा, मूळ दक्षिण अमेरिकेची. तिची बहीण पोमॅसिया कॅनालिक्युलाटा १९८० च्या सुमारास अर्जेंटिनातून तैवानला खाण्यासाठी नेली गेली. बाजार मिळाला नाही, ती शेतात सुटली, आणि पुढच्या काही वर्षांत फिलिपिन्सपासून व्हिएतनामपर्यंत भाताची कोवळी रोपे खात पसरली. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतीत या गोगलगायी शिरल्यावर २०१२ मध्ये युरोपीय संघाने पोमॅसियाच्या संपूर्ण वंशाची आयात बंद केली. डिफ्युसा तितकी खादाड नाही हे खरे आहे. पण पिल्लांच्या वयात या दोघी ओळखणे सोपे नाही, आणि दुकानात कोणती कोणत्या नावाने विकली गेली याची खात्री कोण देणार? आपल्या कोकणात भात हेच पीक आहे.

गोडंपाणी

माफ करा, एवढा विचार केला नव्हता. सोडणार नाही. मग या शंभर पिल्लांचे काय करू?

निळा_शंख

मजजवळ मोकळी टाकी आहे. कोणी मुंबईकडे येणार असेल तर ओल्या कापडात गुंडाळून, हवा राहील अशा डब्यात पाठवा. शंखाच्या तोंडावरचे झाकण लावून बसलेल्या गोगलगायी एक दिवसाचा प्रवास सहज सोसतात. पुढे मात्र आठवड्यातून एकदा टाकीचे झाकण उचलून पाहत जा. घड ताजा असताना अलगद सुटतो. तो दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग कचऱ्यात टाकावा. अंडी पाण्याच्या वरच घातली जातात, म्हणून पाणी आणि झाकण यांत चार बोटे जागा ठेवावीच लागते. शिवाय मिस्ट्री सोंडेसारखी नळी वर काढून हवा घेते, त्यासाठीही ती जागा हवी.

सुपारीबाग

वीज जाण्याबद्दल कोणी लिहिले नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज एकदा गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. फिल्टर बंद पडला की तासा-दीड तासात सगळ्या मिस्ट्री पाण्याच्या कडेशी येऊन बसतात, आणि मी त्यावरून पाण्याचा अंदाज घेतो. वीज असतानाही त्या सगळ्या वर आल्या तर आधी अमोनिया मोजावा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

जांभ्याची_भिंत

अगदी बरोबर निरीक्षण आहे. मे महिन्यातही हे होते, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. टाकी ओटीवर असेल तर दुपारचे ऊन तिच्यावर येणार नाही अशी ती सरकवावी. पागोळी, तुमच्या गोगलगायी कशा आहेत? पुष्कळ दिवसांत लिहिले नाहीत.

पागोळी

उशीर झाला, क्षमा असावी. बदामाची पाने काढून आता अकरा आठवडे झाले. आधी घरातल्या शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवला, मग गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर समुद्रफेस सापडला, तो कांदळवन ताईंनी सांगितल्याप्रमाणे भिजवून, उकळून दगडाला बांधला. सामू तीन आठवड्यांत ७.२ वर आला, आता ७.४ आहे, केएच चार अंश आहे. खाण्यात दोडका आणि पालक सुरू केला.

चारांपैकी एक निळसर गोगलगाय वाचली नाही. तिच्या टोकाचा खड्डा आरपार गेला होता. दोन दिवस ती झाकण मिटून पडून होती. उचलून वास घेतला तेव्हा कळले, आणि लगेच काढून घेतली. उपाय आधी केला असता तर ती राहिली असती, असे मला वाटते.

उरलेल्या तिघींच्या शंखांवर आता तोंडापासून दीड बोटावर एक आडवी रेघ स्पष्ट दिसते. रेघेच्या मागचा भाग खरबरीत, मळकट, खड्ड्यांचा आहे. पुढचा भाग काचेसारखा गुळगुळीत, आणि सोनेरींचा तर पिवळाधमक. काल पाणी बदलताना भीत भीत कडेला बोट लावून पाहिले. ती लवली नाही.

जांभ्याची_भिंत

एक गेली याचे वाईट वाटले. त्या रेघेचे छायाचित्र जरूर ठेवा, पुढच्या वाढीशी ताडून पाहता येईल. सामू आता याहून वर नेण्याची गरज नाही. पाऊस सुरू झाला की विहिरीचे पाणी आणखी हलके होईल, तेव्हा जून-जुलैत मोजणे आठवड्यातून दोनदा करा.

कांदळवन

पागोळी ताई, पावसाळ्यात पुळणीवर जाणे होणार नाही, म्हणून समुद्रफेस आताच साठवून ठेवा. माझ्याकडे वाळवलेल्या दहाबारा ढलप्या आहेत. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला येणार आहे, तेव्हा आणून देते.

पागोळी

अवश्य या. वाटेत पावसला थांबा, म्हणजे टाकीही पाहता येईल. सोनेरीने काल रात्री झाकणाखाली अंडी घातली आहेत. घड अजून ओला आहे, उद्या काढून फ्रीजरमध्ये ठेवते.